पट्टी लवचीक झाली, पण भरवशाची?

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या ग्राफाइटचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा साध्या चिकटपट्टीने सोलता येतो, हे मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टन्टिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ साली दाखविले आणि २०१० चे नोबेल पारितोषिक मिळविले. अशा द्विमितीय पदार्थांपासून वाकणारे, मनगटावर पट्टीसारखे बसणारे आणि नाडी मोजणारे प्रकाश-संवेदक बनविण्याची चढाओढ तेव्हापासून सुरू आहे. ही आशा निराधार नव्हे. बार्सिलोनाच्या प्रकाशविज्ञान संस्थेने २०१९ मध्ये असा संवेदक करूनही दाखविला.

परंतु प्रयोगशाळेतील विक्रम आणि दवाखान्यातील भरवसा या दोन भिन्न गोष्टी होत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थराचा लोझान येथील संवेदक २०१३ मध्ये गाजला. प्रकाशाच्या प्रत्येक वॅटमागे ८८० अँपिअर, असा त्याचा आकडा होता. मात्र प्रकाश मालवल्यावर प्रवाह ओसरण्यास त्याला सुमारे ९ सेकंद लागत. मिनिटाला ७२ ठोके देणारे हृदय तेवढ्यात दहा-अकरा वेळा धडधडलेले असते! अशा संवेदकांत बहुधा संवेदनशीलता आणि मंदपणा एकाच कारणातून उपजतात. विद्युतभार सापळ्यात अडकतात आणि ते सुटेपर्यंत प्रवाह वाहत राहतो. गाजावाजा मात्र पहिल्याच आकड्याचा होतो.

ग्राफीनची अडचण निराळी. त्याचा एक थर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के शोषतो. म्हणून बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्यावर लेड सल्फाइडचे सूक्ष्म कण पसरले. शिसपेन्सिलीत नसलेले शिसे अशा रीतीने या पट्टीत आले. वापरून टाकलेल्या पट्ट्या कोठे जाणार, हा प्रश्न आताच विचारणे बरे. शिवाय चांगल्या प्रतीचे थर सामान्यतः कित्येक शतांश उष्णतेत वाढवावे लागतात. ती उष्णता प्लॅस्टिकला सोसत नाही. म्हणून थर अन्यत्र वाढवून मग प्लॅस्टिकवर उतरवितात आणि त्या उतरविण्यात तो फाटतो, सुरकुततो. यावर उपाय शोधणारा संशोधक मथळ्यात झळकत नाही. खरे काम मात्र त्याचेच आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा कातडीचा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. संवेदक कशाचाही असो, त्याचे मापन गोऱ्या बोटांवरच बेतले तर हा दोष नव्या पट्टीतही उतरेल. २०२१ च्या करोना लाटेत आपल्याकडील असंख्य घरांत रुग्णाला हलवायचे की नाही, हे त्याच आकड्यावर ठरत होते.

भारतात या विषयाची उपेक्षा झाली असे नाही. २००७ साली केंद्राने नॅनो मिशनसाठी १,००० कोटी रुपये मंजूर केले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ग्राफीन व मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांच्या जोडथराचा प्रकाशाला प्रतिसाद देणारा उत्तम प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. बुद्धीची वाण नाही. यापुढे सार्वजनिक पैशातून होणारा असा प्रत्येक संवेदक निदान एक उन्हाळा सावळ्या मनगटांवर, घामात, वापरून पाहावा आणि त्याचे प्रतिकूल आकडेही प्रसिद्ध करावेत, ही अट अनुदानाच्या पत्रातच घातली पाहिजे.