अर्ज कोणाच्या हाताने भरावा?

गणपती बसण्याच्या सुमारास रुआबांध्यातील ज्या घरांत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाला शिकणारे मूल असते, त्या घरांत एक विषय हमखास निघतो. 'गेट'चा अर्ज भरायचा का, आणि भरायचा तर कोणी? पहिल्या प्रश्नावर घरात मतभेद होतात. दुसऱ्यावर सहसा होत नाहीत. छत्तीसगडात ज्याला 'चॉइस सेंटर' म्हणतात त्या दुकानात कागदपत्रांची पिशवी न्यायची, दुकानदार विचारील ते सांगायचे आणि पावती घेऊन घरी यायचे, ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा पॅन कार्डासाठी ती पुरेशीही आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या बाबतीत मात्र ती सोडून द्यायला हवी. हा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने, माहितीपुस्तिका वाचून आणि कशासाठी भरत आहोत हे ठरवून भरावा. दुकानदार चुका करतो असा याचा अर्थ नव्हे. टंकलेखनात तो विद्यार्थ्यापेक्षा तरबेजच असतो. परंतु अर्जातील महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे पिशवीतल्या कागदांत नसतात.

कारखान्याची सावली

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दुर्ग जिल्हा हा जुन्या मध्य प्रांताचा भाग. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे विदर्भातून हावडा मार्गावरची गाडी पकडून भिलाईला येणे कोणाला परदेशी जाण्यासारखे वाटले नाही. अनेक मराठी कुटुंबे कारखान्याच्या सेक्टरांत आणि रुआबांध्यासारख्या वसाहतींत रुजली. त्या पिढीला नोकरी, निवासस्थान, रुग्णालय आणि शाळा हे सारे एकाच छत्राखाली मिळाले.

ती पिढी निवृत्त झाली. भविष्य निर्वाह निधीची रक्कम मुदत ठेवीत ठेवून ती आता नातवंडांकडे पाहते आहे. या नातवंडांसाठी शिक्षणाची दारे पूर्वीपेक्षा कितीतरी जवळ आहेत. दुर्गचे भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८६ पासून आहे, विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ शेजारच्या नेवईला आहे आणि २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचे कायमचे आवार कुटेलाभाटा येथे उभे राहिले आहे. मात्र ओळखीवर किंवा पूर्वपुण्याईवर या दारांतून आत जाता येत नाही. पदवीनंतरच्या बहुतेक वाटा एखाद्या परीक्षेवरून जातात आणि अभियंत्यांच्या बाबतीत ती परीक्षा प्रामुख्याने गेट असते.

परीक्षा म्हणजे प्रवेश नव्हे

बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास व रुरकी येथील सात आयआयटी मिळून गेट घेतात. दरवर्षी त्यांपैकी एक संस्था आयोजनाची जबाबदारी उचलते. २०२६ साली ती गुवाहाटीकडे होती. परीक्षा फेब्रुवारीत, संगणकावर आणि केवळ इंग्रजीत होते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतील १५ गुण सर्वसामान्य आकलनाचे असतात. पर्याय निवडण्याच्या प्रश्नात उत्तर चुकले तर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण वजा होतात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना आणि अंकात उत्तर लिहायच्या प्रश्नांना मात्र गुणवजावट नाही. हे नियम शिकवणीत सांगितले जातात, म्हणून बहुतेकांना ठाऊक असतात. निकालाचा अर्थ मात्र फार थोड्या घरांत नीट समजलेला असतो.

निकालपत्रावर तीन वेगळे आकडे येतात. शंभरपैकी मिळालेले गुण हा पहिला. एक हजाराच्या मापावरील 'स्कोअर' हा दुसरा आणि त्या विषयपत्रिकेतील क्रमांक हा तिसरा. सर्वसाधारण गटासाठी पात्रतेची रेषा २५ गुण, किंवा सर्व परीक्षार्थींच्या सरासरीत प्रमाण विचलन मिळवून येणारा आकडा, यांपैकी जो मोठा असेल ती असते. त्या रेषेवरच्या गुणांना ३५० स्कोअर दिला जातो, तर अगदी वरच्या मोजक्या उमेदवारांच्या सरासरी गुणांना ९००. याचा अर्थ असा, की 'मुलगी गेट पास झाली' या वाक्याने पेढे वाटता येतील, पण प्रवेशाबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही. पात्रतेची रेषा ओलांडणे वेगळे आणि हव्या त्या संस्थेतील हव्या त्या शाखेला पुरेसा स्कोअर असणे वेगळे.

शिवाय गेट घेणारी संस्था प्रवेश देत नाही. निकालानंतर आयआयटींकडे स्वतंत्र अर्ज करावे लागतात आणि त्यांचे देकार एका सामाईक संकेतस्थळावर स्वीकारावे लागतात. एनआयटींसाठी केंद्रीय समुपदेशनाची वेगळी नोंदणी असते. चांगला स्कोअर हाती असून केवळ पुढचे अर्ज करायचे राहून गेले, म्हणून वर्ष वाया जाऊ शकते. ज्याने पहिला अर्ज स्वतः वाचून भरला, त्याला दुसरा अर्जही असतो हे ठाऊक असते.

तीन वर्षांचा हिशेब

गेटला वयाची अट नाही आणि किती वेळा बसावे याची मर्यादा नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येते. स्कोअर निकालाच्या तारखेपासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. हे तिन्ही नियम उदार आहेत आणि म्हणूनच त्यांचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने फेब्रुवारी २०२६ मध्ये परीक्षा दिली. मार्च २०२६ च्या निकालाचा स्कोअर मार्च २०२९ पर्यंत चालेल. पण त्याची पदवी पूर्ण होणार २०२७ च्या उन्हाळ्यात. म्हणजे २०२६ चा प्रवेशहंगाम त्याच्या उपयोगाचा नाही. २०२७ आणि २०२८ असे दोनच हंगाम उरतात. एम.टेक. करायचे असेल तर हे दोन हंगाम पुरेसे आहेत आणि चौथ्या वर्षी पुन्हा प्रयत्न करण्याची संधीही हाती राहते. परंतु उद्देश सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीचा असेल तर हिशेब बदलतो. गेटच्या आधारे अभियंते घेणारे सार्वजनिक उपक्रम जाहिरातीत बहुधा एका ठरावीक वर्षाच्याच गेटचा उल्लेख करतात. मागच्या वर्षाचा स्कोअर तिथे चालत नाही. कोणत्या विषयपत्रिका ग्राह्य आहेत हेही त्या जाहिरातीत असते. भिलाईचा कारखाना ज्या 'सेल'चा आहे, तिनेही काही वर्षी गेटद्वारे प्रशिक्षणार्थी घेतले, पण दरवर्षी नव्हे.

म्हणून 'कोणती विषयपत्रिका?' हा अर्जातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. गेटच्या तीस विषयपत्रिका आहेत. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपलीच शाखा घ्यावी की उत्पादन व औद्योगिक अभियांत्रिकी? संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने २०२४ पासून सुरू झालेली विदाशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची पत्रिकाही द्यावी काय? ठरवून दिलेल्या जोड्यांमधून दोन पत्रिका देण्याची मुभा आहे. मात्र शुल्क दोन्हींचे भरावे लागते. या प्रश्नांची उत्तरे पुढे काय करायचे आहे त्यावर अवलंबून असतात. दुकानदाराने सवयीने पदवीची शाखाच निवडली, तर तो त्याचा दोष म्हणता येणार नाही.

मधले नाव

मराठी कुटुंबांना महाराष्ट्राबाहेर एक बारीकशी अडचण येते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द लिहिण्याची पद्धत आहे. छत्तीसगडातील शाळेच्या दाखल्यावर पुष्कळदा दोनच शब्द असतात. आधारपत्रावर तीन, दहावीच्या प्रमाणपत्रावर दोन आणि पारपत्र काढलेले असल्यास त्यावर आणखी तिसराच प्रकार! गेटच्या अर्जातील नाव परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या मूळ ओळखपत्राशी तंतोतंत जुळावे लागते आणि नावापुढे श्री., कु. अशी बिरुदे चालत नाहीत. हा मेळ ऑगस्टच्या आधी घालावा. मुदत संपताना घाई झाली की एखाद्या अक्षरापायी वेगळे शुल्क भरून दुरुस्ती करावी लागते. राखीव प्रवर्गातील उमेदवारांनी विहित नमुन्यातील दाखलाही आधीच मिळवून ठेवावा. ज्यांना त्यासाठी मूळ गावी खेटे घालावे लागतात, त्यांना एक महिना हा हा म्हणता सरतो.

पैशाची बाजू

२०२६ च्या परीक्षेचे नियमित मुदतीतील शुल्क प्रत्येक पत्रिकेमागे २,००० रुपये होते. महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी १,००० रुपये. उशीर झाल्यास ५०० रुपये अधिक. ही रक्कम डोईजड नाही. खरा पैसा शिकवणीत जातो. शैक्षणिक कर्ज अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यावर मिळते; त्याआधीच्या शिकवणीची फी बहुधा आजोबांच्या ठेवीतूनच दिली जाते. ती ठेव मोडण्यापूर्वी घराने निदान एवढे विचारावे, की मुलाने माहितीपुस्तिका आणि आपल्या पत्रिकेचा अभ्यासक्रम वाचला आहे काय? दोन्ही संकेतस्थळावर विनामूल्य असतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही तिथेच मिळतात. त्यांतील एक पूर्ण प्रश्नपत्रिका तीन तास घड्याळ लावून सोडवली, की शिकवणी हवी की नको आणि हवी तर कोणत्या विषयाची, हे पुष्कळसे उमगते.

गेटमुळे पुढच्या खर्चाचे गणितही बदलते. आयआयटी व एनआयटींसारख्या केंद्रीय संस्थांत गेटच्या आधारे पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद आहे. आयआयटीत त्या बदल्यात आठवड्याला सुमारे आठ तास अध्यापनसाहाय्य करावे लागते. चोवीस महिन्यांचे हे २,९७,६०० रुपये होतात. ज्या घराला हे ठाऊक असते, ते तेवढेच कमी कर्ज मागते. उरलेल्या गरजेसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशाला तीत तारण वा जामीनदार लागत नाही. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, अटींच्या अधीन राहून, तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. कर्जाचा विचार शेवटी आणि परीक्षेच्या हेतूचा विचार सर्वांत आधी, हा क्रम उलटा झाला की हप्ते जड जातात.

घरच्या भाषेत

यावर एक आक्षेप घेतला जाईल. विद्यार्थ्याने अभ्यास करावा, अर्जाच्या कटकटीत त्याचा वेळ कशाला घालवावा? आक्षेप मायेपोटी आहे, पण टिकणारा नाही. माहितीपुस्तिका वाचायला एक दुपार लागते. शिवाय ज्या तरुणाला पुढे निविदा, करारपत्रे आणि सुरक्षेचे नियम वाचून त्यांखाली सही करायची आहे, त्याने स्वतःच्या भवितव्याचा पहिला दस्तऐवज दुसऱ्याकडून भरून घ्यावा, हे काही बरे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ती पुस्तिका इंग्रजी आहे, घरातील वडीलधाऱ्यांना ती वाचता येत नाही आणि म्हणून निर्णय एकतर मुलावर एकट्यावर पडतो किंवा ऐकीव माहितीवर होतो.

या आक्षेपाचे उत्तर घरातच आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलाने किंवा मुलीने आजी-आजोबांना आणि आईवडिलांना मराठीत चार गोष्टी समजावून सांगाव्यात. परीक्षा कशाची आहे, स्कोअर कुठे आणि किती वर्षे चालतो, हीच पत्रिका का निवडली, आणि अपेक्षेइतका स्कोअर आला नाही तर पुढे काय करायचे. सांगताना जिथे अडखळायला होईल तिथे स्वतःलाच पुरते समजलेले नाही, असे मानून पुस्तिका पुन्हा उघडावी. झोतभट्टीपुढे उभे राहून आयुष्य काढलेल्या आजोबांना 'प्रमाण विचलन' हा शब्द कळला नाही तरी चालेल. आपल्या ठेवीतला पैसा कशासाठी चालला आहे, हे मात्र त्यांना कळायला हवे. तो त्यांचा अधिकार आहे.

त्यानंतर संगणकापुढे बसावे, नाव ओळखपत्राशी ताडून पाहावे, पत्रिका आणि परीक्षेच्या शहरांचा पसंतीक्रम निवडावा, छायाचित्र व सही सांगितलेल्या मापात चढवावी, शुल्क भरावे आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. घरी संगणक नसेल तर चॉइस सेंटरमध्ये जाण्यास हरकत नाही. तिथेही खुर्चीवर मात्र विद्यार्थ्यानेच बसावे.