आग्रह आणि पिच्छा

पाहुण्याला आग्रह करावा, ही आपल्याकडची रीत आहे. दस्तरखान असो की पंगत, आणखी एक पोळी वाढल्याशिवाय यजमानाला समाधान वाटत नाही. पण पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला, की यजमान थांबतो. माझ्या मते बाजारातही हाच नियम असावा.

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. ही लेणी 1983 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. परदेशांतील लोक सुट्टी काढून, हजारो मैलांचा प्रवास करून ती पाहायला येतात. फर्दापूरजवळच्या तिठ्यावर गाडी सोडून लेण्यांपर्यंतचे सुमारे 4 किलोमीटर अंतर बसने जावे लागते. प्रवासी गाडीतून उतरतो न उतरतो तोच माळा, पुस्तके आणि रंगीत दगड विकणारे त्याच्याभोवती जमतात. एखादा विक्रेता चमकदार दगडाचा तुकडा त्याच्या हातावर ठेवतो. "ही भेट आहे, पैसे नकोत. परतताना फक्त माझे दुकान पाहा," असे म्हणतो. बिचारा प्रवासी भिडेला पडतो. परतताना विक्रेता वाटेतच उभा असतो. "नको" म्हटले, की किंमत निम्मी होते. पुन्हा "नको" म्हटले, की आणखी उतरते. मग प्रवाशाला वाटते, पहिली किंमत खरी की शेवटची?

खरे तर दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक फार सुंदर असतात. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत ते मांडलेले आहेत. असा माल पिच्छा पुरवून विकावा लागतो, हे खेदाचे आहे.

विक्रेत्याचीही बाजू आहे. त्याचे घर याच विक्रीवर चालते. पावसाळा ओसरल्यावर थोडेच महिने गर्दी असते. 2020 मध्ये कोरोनामुळे लेणी अनेक महिने बंद राहिली, तेव्हा अशा कुटुंबांचे उत्पन्नच थांबले. म्हणून त्यांना हाकलून द्या, असे मी म्हणणार नाही. त्यांना बसायला ठरलेली जागा मिळावी आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असावी. पिच्छा पुरवल्याने एक दगड विकला जाईल. पण त्रासलेला प्रवासी पुढच्या दहा दुकानांकडे मान वळवूनही पाहणार नाही. त्यात प्रामाणिक दुकानदाराचेही नुकसान होते.

आपल्या देशात 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि 2019 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. वस्तूची खरी माहिती मिळणे आणि ती मोकळेपणाने निवडता येणे, हे ग्राहकाचे हक्क त्यात मान्य केले आहेत. निवडण्याचा हक्क म्हणजे नाकारण्याचाही हक्क होय.

विद्यार्थी मित्रांनो, बाजार, दुकान, सौदा, नफा, दलाल हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि मराठीतही तेच वाचता. व्यापाराने दोन भाषा अशा जवळ आणल्या. तोच व्यापार माणसांना एकमेकांपासून दूर का नेईल? आपल्या उदगीरचा किल्ला पाहायलाही बाहेरगावचे लोक येतात. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे दुकान मांडील. त्याने आपला माल जरूर दाखवावा, त्याचे गुण सांगावेत, एकदा आग्रहही करावा. समोरच्याने "नको" म्हटले, तर हसून त्याला किल्ल्याची वाट दाखवावी.