यादी कोण करतो, यावर सगळे ठरते

मागच्या महिन्यात माहुलमधल्या आमच्या अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्या मित्राने सगळ्यांसमोर मला विचारले, "दादा, इथे लोकांना श्वास घ्यायला धड हवा नाही आणि तुम्ही घरात बसून कॉमिक्सची यादी करताय? यातून समाजाचे काय भले होणार?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. चळवळीतल्या माणसाला त्याच्या वेळेचा हिशेब विचारलाच पाहिजे. हा लेख म्हणजे तो हिशेब आहे.

माझ्याकडे दोन पत्र्याच्या पेट्या आणि पाच गोण्या भरून कॉमिक्स आहेत. इंद्रजाल, अमर चित्रकथा, डायमंड, राज. मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी. गेले आठ महिने रोज रात्री चार-पाच अंक काढायचे, पुसायचे आणि वहीत नोंदवायचे, असे करत १,१४६ अंकांची यादी पूर्ण झाली. मुंबई, पुणे, नागपूरकडचे माझ्यासारखे वेडे मित्र आपापल्या याद्या एकमेकांना पाठवतात. कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवे आहे ते बघून अदलाबदल करतात. मीही त्यासाठीच सुरुवात केली होती. पण वही भरत गेली तसे लक्षात आले की हे काम छंदापुरते उरलेले नाही.

मित्रांनो, यादी म्हणजे काय हे माहुलच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. घर तुटल्यावर दुसरे घर मिळणार की नाही, हे यादी ठरवते. परिशिष्ट-२ मध्ये तुमच्या नावापुढे 'पात्र' लिहिले आहे की 'अपात्र', १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा तुमच्याकडे आहे की नाही, यावर कुटुंबाचे आयुष्य इकडचे तिकडे होते. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या २०१७ च्या सुमारास पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबे इथल्या ७२ इमारतींच्या वसाहतीत आणली गेली. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाडा परिसरातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले होते. म्हणजे एका कागदावर ही जागा धोक्याची होती आणि दुसऱ्या कागदावर पुनर्वसनाची. लोकांनी लढा दिला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. त्या लढ्यातही लोकांच्या हातात काय होते? आजारी माणसांच्या नोंदी, मृतांच्या नोंदी, कुटुंबांच्या याद्या. त्या लोकांनीच बनवल्या होत्या.

आमचे घर पाडले त्या सकाळी आईने आधी कागदपत्रांची पिशवी उचलली आणि मी कॉमिक्सची पेटी. त्यावरून आई आजही मला बोलते. एक गोणी तशीच राहिली आणि पावसात लगदा झाली. त्या गोणीत काय काय होते, हे मला आज सांगता येत नाही, कारण तेव्हा यादी नव्हती. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई मागता येत नाही आणि त्याची आठवणही हळूहळू पुसट होते. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तके ज्या दुसऱ्या जहाजाने पाठवली होती ते जहाज टॉर्पेडोने बुडाले. त्या माणसाने पुन्हा पुस्तके जमवली आणि पुढे त्या पुस्तकांसाठीच दादरला राजगृह बांधले. आपला वारसा पुस्तके जमवणाऱ्याचा आहे, हे आपण विसरू नये.

आता मूळ मुद्दा. संग्राहकांच्या नेहमीच्या यादीत पाच रकाने असतात : क्रमांक, वर्ष, शीर्षक, अंकाची अवस्था आणि किंमत. रद्दीतून पाच-दहा रुपयांत घेतलेला जुना इंद्रजाल आज हजारांत विकला जातो, म्हणून शेवटच्या दोन रकान्यांवरच सगळ्यांचे डोळे. मला या यादीचा राग नाही, ती उपयोगाची आहे. पण ती बाजाराची यादी आहे. बाजाराला जे विचारायचे आहे तेवढेच ती विचारते. म्हणून मी माझ्या वहीत आणखी चार रकाने आखले : चित्र कोणी काढले? सिंहासनावर कोण बसले आहे? नाव नसलेली माणसे कोण आहेत? आणि हा अंक माझ्याकडे कोणाच्या हातून आला?

या चार प्रश्नांनी काय दिसले, ते सांगतो.

वेताळ हा माझ्या पिढीचा लाडका. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली इंद्रजाल सुरू केले आणि ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम मराठीत वेताळ होऊन आला. मी त्याच्यासाठी शाळा बुडवलेली आहे. पण तिसरा रकाना भरताना हात थांबला. जंगलात कवटीच्या सिंहासनावर पिढ्यान् पिढ्या एकच गोरे घराणे बसते आणि भोवतीचे काळे आदिवासी त्याला अमर मानून पूजतात. गोऱ्या माणसाच्या एकवीस पिढ्यांची वंशावळ आहे. ज्यांच्या जंगलात तो राहतो त्यांच्यापैकी बहुतेकांना नाव नाही. एक अंक वाचताना हे खटकत नाही, गोष्ट पुढे ओढून नेते. शंभर अंक ओळीने नोंदवले की 'नाव नाही, नाव नाही, नाव नाही' असा रकाना खाली उतरत जातो आणि मग डोळे उघडतात. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तेव्हा इंद्रजालच्या पानांवर पहिल्यांदा आपल्या मातीतला नायक दिसला. हेही यादीच सांगते.

दुसरे उदाहरण अमर चित्रकथेचे. अनंत पैंनी ही मालिका १९६७ मध्ये सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, अकरावा कृष्णाचा. मग देव, राजे, ऋषी, पतिव्रता अशी रांग लागली. बाबासाहेबांवरचा अंक आला १९७९ मध्ये. बारा वर्षांनी! लाखो मुलांना 'हा तुमचा इतिहास' म्हणून जे दिले गेले, त्यात संविधानाच्या शिल्पकाराचा नंबर लागायला बारा वर्षे लागली. आणि १९७९ हे साल कोणते? नामांतराचा ठराव विधिमंडळात होऊन एक वर्ष झाले होते, मराठवाड्यात आपली घरे जळली होती, लाँग मार्च निघाला होता. त्याच वर्षी वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड सरकारने प्रसिद्ध केला. वर्षाचा रकाना नीट भरला, तेव्हा या सगळ्या गोष्टी माझ्यासमोर एका ओळीत आल्या. इतकी वर्षे तो अंक माझ्याकडे होता, पण तो कोणत्या काळात छापला गेला याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्या अंकाच्या लेखकाचे नाव किती जणांना माहीत आहे? एस. एस. रेगे. हे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते, बाबासाहेबांच्या सहवासात राहिलेले. चित्रे दिलीप कदम यांची. बाबासाहेबांना चित्रकथेत आणणारा माणूस पुस्तकांच्या नोंदी ठेवणारा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

२०११ मध्ये आलेल्या 'भीमायन'ची नोंद करताना तर रकानेच अपुरे पडले. बाजाराच्या यादीत 'लेखक' म्हणून श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची नावे लागतात. पण ते पुस्तक उभे आहे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांवर. त्यांनी चित्रांना चौकटीच घातल्या नाहीत. प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विष ओकणाऱ्याचे विंचवाच्या नांगीत. माझ्या वहीत त्यांची नावे पहिली आहेत. 'भीमायन' या नावात रामायणाची छाया आहे, ती मला पटत नाही. तेही शेऱ्यात लिहून ठेवले आहे. आपली यादी म्हणजे आरती नव्हे, तिच्यात मतभेदालाही जागा हवी.

कुणी म्हणेल, हा नसता कीस आहे, यादीत कसले राजकारण? त्याला माझा साधा प्रश्न : चातुर्वर्ण्य म्हणजे काय? माणसांची केलेली यादीच ना? वर कोण, खाली कोण, आणि बाहेर कोण. ज्याने रकाने आखले त्याने स्वतःला पहिल्या रकान्यात ठेवले. अमेरिकेतही हेच झाले. तिथल्या ग्रंथालयांत डेव्ही पद्धतीने पुस्तके लावत आणि काळ्या लेखकाने काहीही लिहिले, अगदी कविता लिहिली, तरी पुस्तक 'गुलामगिरी' किंवा 'वसाहत' या क्रमांकाखाली टाकून मोकळे होत. हॉवर्ड विद्यापीठातल्या डोरोथी पोर्टर या काळ्या ग्रंथपाल बाईंनी १९३० नंतर हे मोडले. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, असे त्यांनी पुस्तकांना त्यांच्या हक्काच्या जागी बसवले. पुस्तके तीच होती. जागा बदलली आणि एका समाजाकडे पाहण्याची नजर बदलली.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१२ मध्ये अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. तेव्हा विद्वानांनी आपल्यालाच शिकवले की तुम्हाला विनोद कळत नाही, एका चित्राचे एवढे काय घेऊन बसता. आपण संतापलो, घोषणा दिल्या. पण त्या 'एका चित्राचे काय' या प्रश्नाला आपल्याकडे पुरावा नव्हता. तो उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकार संशोधकाने दिला. १९३२ ते १९५६ या काळात वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे त्यांनी शोधून काढली, तारखेने लावली, प्रत्येकाचा संदर्भ लिहिला आणि २०१९ मध्ये त्यांचे पुस्तक केले. ती चित्रे ओळीने पाहिली की मग कुणी 'एक चित्र' म्हणू शकत नाही. त्यांनी कुठे दगड मारला नाही. नीट यादी केली, आणि त्या यादीने जो युक्तिवाद केला त्याला आजही उत्तर नाही.

राहिला 'कॉमिक्स पोरकट असतात' हा आक्षेप. १९५७ मध्ये अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानांचे कॉमिक निघाले, किंमत दहा सेंट. अहिंसक प्रतिकार कसा करायचा हे काळ्या तरुणांनी त्यातून वाचले. त्यातलेच एक जॉन लुईस. ते पुढे खासदार झाले आणि म्हातारपणी आपल्या लढ्याची गोष्ट सांगायला त्यांनी पुन्हा चित्रकथाच निवडली. पोरकट काय आहे ते आपण आधी तपासून तरी घेऊ.

शेवटचा रकाना, हा अंक कोणाच्या हातून आला, हा मला सगळ्यांत जवळचा. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक अंकांच्या पहिल्या पानावर दुसऱ्याच मुलांची नावे, इयत्ता, कुठे वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. ज्यांच्या घरी कॉमिक्स नवी येत, त्यांच्या रद्दीतून ती आमच्याकडे आली. काहींवर भाड्याने पुस्तके देणाऱ्या टपरीचा शिक्का आहे : रात्रभर ठेवायचे, सकाळी परत. आमच्या वस्तीतले एक पुस्तक वीस पोरे वाचत. जो वाचू शकत नसे त्याला दुसरा मोठ्याने वाचून दाखवी. आमच्यापैकी कितीतरी जण शाळेच्या पुस्तकावर नाही, अशा फाटक्या पानांवर वाचायला शिकले. हा वाचनाचा इतिहास कोणत्याही विद्यापीठात नाही. तो अंकांच्या कडांवर तेलकट बोटांच्या डागांत आहे आणि तो लिहून ठेवणारे आपणच शेवटचे आहोत.

म्हणून माझे तरुण मित्रांना सांगणे आहे. तुमच्या घरात, विहाराच्या वाचनालयात, काकांच्या माळ्यावर जी चित्रकथा, पुस्तिका, जयंतीची स्मरणिका, जलशाचे पत्रक पडले असेल, त्याची यादी करा. साधी दोनशे पानी वही चालेल. मुखपृष्ठाचा आणि प्रकाशकाचे नाव असलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत कागद पिवळा करून खाते. गंजलेल्या पिना हळूच काढा. माहुलच्या खाऱ्या हवेत हे फार महत्त्वाचे. यादीच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा, कारण आपले घर कधी हलवले जाईल याचा भरवसा नाही. आणि रकाने स्वतः आखा. दुसऱ्याने आखलेल्या रकान्यांत आपण आजवर पुष्कळ बसलो.

ज्या मित्राने प्रश्न विचारला, त्याला मी माझी वही वाचायला दिली आहे. तिच्यात चुका असतील, त्या त्याने लाल शाईने दाखवाव्यात. यादी अशीच पुरी होते.

जयभीम!