औषधांची पायरी कोणी ठरवायची?

डॉक्टरांनी औषध लिहून द्यावे आणि रुग्णाने ते दुकानातून आणावे, एवढाच हा व्यवहार अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत मात्र या दोघांच्या मध्ये विमा कंपनी उभी असते. आधी स्वस्त औषध घ्या, ते निरुपयोगी ठरल्याचा पुरावा द्या, मगच महागड्या औषधाचे पैसे मिळतील, असा तिचा दंडक असतो. 'स्टेप थेरपी' नावाच्या या पद्धतीचे गुणदोष कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या बाबतीत ठळकपणे दिसतात.

या दंडकामागे काही तर्कच नाही, असे म्हणता येणार नाही. औषध निवडणारा एक, घेणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच असला, की किमतीचा विचार करण्याचे कोणालाच कारण उरत नाही. आणि तो भार अखेर सर्व विमेदारांच्या हप्त्यांवर पडतो. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे १९९४ मध्येच सिद्ध झाले. २००६ मध्ये हे औषध अमेरिकेत पेटंटमुक्त होऊन स्वस्तही झाले. असे औषध आधी वापरावे, हा आग्रह शहाणपणाचाच होय.

२०१५ मध्ये पीसीएसके-९ वर्गातील दोन इंजेक्शने बाजारात आली, तेव्हा खरा पेच उभा राहिला. त्यांची वार्षिक छापील किंमत १४,००० डॉलरच्या घरात होती. विमा कंपन्यांनी पायऱ्या कडक केल्या : आधी स्टॅटिनची मोठी मात्रा, मग इझेटिमाइब, मग कागदपत्रांची चळत. कित्येक अर्ज प्रथमदर्शनीच फेटाळले गेले. २०१७ च्या २७,५६४ रुग्णांच्या चाचणीत इव्होलोक्युमॅबने हृदयविकार, पक्षाघात आदींचा धोका १५ टक्क्यांनी कमी केल्याचे दिसले. २०१८ मध्ये उत्पादकाने त्याची छापील किंमत ५,८५० डॉलरवर आणली. विमा कंपन्यांच्या अडवणुकीचा उत्पादकावर दबाव आला, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या रस्सीखेचीत मधली वर्षे गेली ती रुग्णांची.

दोष पायरीचा नव्हे, ती ज्या हिशेबाने बांधली जाते त्या हिशेबाचा आहे. उपचार लांबविल्याने होणारी बचत आजच्या विमा कंपनीच्या खात्यात जमा होते; हृदयविकाराचा झटका मात्र काही वर्षांनी येतो. तोवर रुग्णाने नोकरीबरोबर विमा कंपनी बदललेली असते, किंवा पासष्टी गाठून तो सरकारी मेडिकेअर योजनेत गेलेला असतो. नफा एकाचा, तोटा दुसऱ्याचा. शिवाय नवी कंपनी जुन्या कंपनीकडील अनुभव मानेलच असे नाही. स्टॅटिनमुळे स्नायुदुखी सोसलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे केले जाऊ शकते. त्यात औषधव्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना उत्पादकांकडून परतावा मिळतो. त्यामुळे त्यांच्या पसंतीचे औषध सर्वांत स्वस्त असेलच, याचीही शाश्वती नसते.

अनेक राज्यांनी अपवादाचे कायदे केले आहेत. परंतु मालकांनी स्वतःच्या निधीतून चालविलेल्या विमा योजना १९७४ च्या संघराज्यीय कायद्याखाली येतात आणि राज्यांच्या हाती लागत नाहीत. विमा असलेल्या नोकरदारांपैकी निम्म्याहून अधिक अशाच योजनांत आहेत.

भारतात हा प्रश्न दूरचा वाटेल. येथील विमा मुख्यतः रुग्णालयातील खर्चापुरता. २०१८ ची आयुष्मान भारत योजनाही त्याच स्वरूपाची. रोजची गोळी बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते, म्हणजे पायरी ठरविण्याचे काम येथे खिसाच करतो. पण उद्या विमा बाह्यरुग्णांच्या औषधांपर्यंत पोहोचला, तर हेच दंडक येथेही येतील. ते यावेत, मात्र पायरीला मुदत असावी, पूर्वीचा अनुभव ग्राह्य धरावा आणि डॉक्टरांच्या लेखी कारणाला ठराविक दिवसांत लेखी उत्तर मिळावे. काटकसर हा सद्गुण खराच. पण ती दुसऱ्याच्या आयुष्याच्या खात्यातून केली जाऊ नये.