हाडातला ठिपका नेमका कशाचा?

पेट स्कॅनमध्ये मणक्यावर ठिपका दिसला की पहिली शंका येते ती हाडात पसरलेल्या कॅन्सरची. मी किरणोत्सारी औषधं बनवते, त्यामुळे मला आधी वेगळंच विचारावंसं वाटतं: हा ठिपका औषधाचा, की औषधापासून सुटलेल्या धातूचा?

ट्रास्टुझुमॅब हा प्रतिपिंड स्तनाच्या कॅन्सरमधल्या हर-२ प्रथिनाला चिकटतो. स्कॅनमध्ये तो दिसावा म्हणून त्याला किरणोत्सारी धातू जोडतात. गाठीत पुरेसा जमायला त्याला काही दिवस लागतात. ६८ मिनिटांत निम्मा होणारा गॅलियम-६८ त्याच्या कामाचा नाही. ७८ तासांचं अर्धायुष्य असलेला झिर्कोनियम-८९ लागतो. पण धातू प्रथिनाला आपसूक चिकटून राहत नाही. मध्ये किलेटर हवा: एका बाजूने प्रथिनाच्या लायसिनला जोडलेला, दुसऱ्या बाजूने धातूला धरून ठेवणारा.

झिर्कोनियमसाठी बहुतेक जण डीएफओ वापरतात, म्हणजे डेस्फेरिऑक्झामिन. थॅलेसेमियाच्या मुलांना सारखं रक्त चढवून अंगात साचलेलं लोह काढायला पंपाने त्वचेखाली देतात, तेच हे औषध. मुळात एका जिवाणूने लोह मिळवण्यासाठी घडवलेला रेणू. लोहाला धरायला त्याचे सहा ऑक्सिजन पुरतात, झिर्कोनियमला मात्र आठ हवे असतात. उंदरांमध्ये सुटलेला झिर्कोनियम हाडांत जाऊन बसतो, हे वारंवार दिसलं आहे. आठ ऑक्सिजनचा डीएफओ-स्टार त्याच प्रतिपिंडाला जोडला तेव्हा हाडांतलं प्रमाण घटलं. डोटा या दुसऱ्या किलेटरची पकड डीएफओहून घट्ट, पण झिर्कोनियम त्यात बसवायला ९० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत प्रतिपिंड उकडलेल्या अंड्यासारखा गोठतो. डीएफओ साध्या खोलीच्या तापमानाला काम करतो, म्हणून तो सगळ्यांच्या हातात बसला.

सोय आणि भरवसा यांची इथे गल्लत होते. टीएलसीच्या, म्हणजे पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या, पट्टीवर ९५ टक्के लेबलिंग दिसलं, म्हणजे तेवढा धातू प्रतिपिंडाला जोडलेला दिसला, की आम्ही खूश होतो. ती पट्टी फक्त पहिल्या तासाचं सांगते. चित्र काढायचं असतं चौथ्या-पाचव्या दिवशी. तोच प्रतिपिंड, तेवढेच किलेटर जोडलेले, तोच सीरम, ३७ अंश, आठवडाभर, अशी दोन-तीन किलेटरांची शेजारी शेजारी परीक्षा घेतल्याशिवाय कुठला चांगला हे कुणीही सांगू नये. ‘तेवढेच’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. एका प्रतिपिंडावर किलेटरांची गर्दी झाली की त्याची चिकटण्याची ताकद कमी होते, यकृत त्याला ओढून घेतं, आणि दोष मात्र किलेटरच्या माथी जातो.

गळतीचा हा प्रश्न परदेशातल्या प्रयोगशाळांपुरता नाही. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत उपचारांसाठी ल्युटेशियम-१७७ तयार होतो. तोही किलेटरमधून सुटला तर हाडांतच जातो, आणि तो बीटा किरण सोडतो. तिथे गळतीचा फटका थेट अस्थिमज्जेला, म्हणजे रुग्णाच्या रक्तपेशींना बसतो.

तरीही अशा तुलनेचा प्रस्ताव ‘यात नवा रेणू कुठे आहे?’ असं विचारून परत आलेला मी पाहिला आहे. निधी देणाऱ्या समित्यांना माझी विनंती आहे: नव्या रेणूला पैसे जरूर द्या, पण तो जुन्या दोन किलेटरांच्या शेजारी ठेवून आठवडाभर तपासण्याचा खर्च त्याच अनुदानात धरा, आणि नवा हरला तरी ते आकडे छापायला लावा.