लेकरांचं निसर्गाचं वेळापत्रक नक्षत्रावर लावा



पुण्या-मुंबईकडं काही कुटुंबं लेकरांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. यातले बरेच आईबाप आठवड्यातला एक दिवस निसर्ग पाहायला ठेवतात अन् वर्षभराचं वेळापत्रक आधीच आखून घेतात. आपली लेकरं शाळेत जातात, जायलाच पाहिजेत. पण ही आठवड्याच्या एका दिवसाची गोष्ट आपण उचलावी, असं माझं मत आहे. शहरवाल्याले त्यासाठी गाडी काढून गावाबाहेर जावं लागते. आपलं वावर हाकेवर आहे, तरी आठवी-नववीतल्या पोट्ट्याले चक्री भुंगा दाखवता येत नाही. हे काही बरं नाही.

हे नवीन खूळ नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली, त्यात हाताचं काम हाच शिक्षणाचा पाया होता. कोसबाडला ताराबाई मोडक अन् अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी लेकरांसाठी कुरणशाळा चालवली. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात गेली. आपल्याले तर इतकंही करायचं नाही. रविवारी सकाळी एक तास, एक वही, एक पेन्सिल.

वेळापत्रक कशावर लावायचं? आपल्याकडं तयार आहे. नक्षत्रं २७ अन् एक नक्षत्र साधारण १३-१४ दिवसांचं. म्हणजे एका नक्षत्रात दोन रविवार, अन् वर्ष भरलं. पेरणी-डवरणी आपण नक्षत्रावरच बोलतो, मग लेकराची वहीही त्यावरच चालू द्या.

मृग ७ जूनच्या आसपास लागते. पहिल्या पावसानंतर लाल मखमली किडा निघतो, त्याचे पाय मोजायले लावा. आठ भरतात. म्हणजे तो कोळ्याच्या जातीचा, सहा पायांच्या किड्यांतला नाही. त्याच दिवसांत संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगे येतात. फांदी हलवून पाडायचे, मोजायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. मोठ्या माणसानं सोबत राहावं. खाली पिवळ्या निंबोळ्या पडल्या असतील तर त्या वेचून वाळवून ठेवा. १०० लिटर पाण्याले ५ किलो निंबोळीचा अर्क लागतो, हे गणित लेकरू तिथंच शिकते.

आर्द्रा-पुनर्वसूत पाऊस मोजा. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरले एक लिटर, अन् एकरभर वावरात चार हजार लिटरच्या वर पाणी. हे एकदा डोक्यात बसलं की धुऱ्यावरून वाहून जाणारं पाणी लेकराले वेगळं दिसते.

पुष्य-आश्लेषात सोयाबीन फुलावर येते. एक झाड मुळासकट हळूच उपटा, गाठी नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करून राहिली, पांढरी-हिरवी असेल तर नाही. पुढच्या रविवारी चक्री भुंगा पाहा. देठावर दोन गोल खाचा दिसतात, मादी त्यांच्या मधात अंडी घालते अन् वरचा भाग सुकतो.

मघा ते उत्तरा हे पऱ्हाटीचे दिवस. गुलाबासारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. उघडून पाहिलं तर आत गुलाबी बोंडअळी सापडते. कामगंध सापळ्यातले पतंग मोजून वहीत मांडा. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं कृषी विद्यापीठ सांगते. २०१७ साली बोंडअळीनं किती बोंडं खाल्ली, ते सांगायची गरज नाही. तेव्हा लेकराची वही ही शाळेतल्या प्रकल्पाची वही राहत नाही, ती घराचा फवारणीचा खर्च ठरवते.

हिवाळ्यात हरभऱ्यात टी आकाराचे पक्षीथांबे लावा अन् कोतवाल, साळुंकी, वेडा राघू यांच्यातलं कोण किती वेळा येऊन बसते ते लिहा. सकाळी दव असताना स्वच्छ कापड हरभऱ्यावरून फिरवून पिळा, आंब चाखून पाहा. वरुड-मोर्शीकडच्या लेकरांनी संत्र्याचा आंबिया बहार कधी फुटला ते टिपावं. फवारलेल्या वावरात मात्र आंबही नाही अन् लेकरूही नाही.

फाल्गुनात पळस अन् काटेसावर, पुढं मोहाची फुलं. उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांत काडी घालून खोली मोजा. विहिरीची पातळी दोर सोडून मोठ्यानं मोजावी, लेकरानं लिहावी. खारपाणपट्ट्यातल्या लेकरांनी पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी अन् डोंगराकडच्या पाहुण्याच्या विहिरीचं पाणी दोन ग्लासात घेऊन चव पाहावी. भूगोलाचा हा धडा कोणी विसरणार नाही.

आता काही जण म्हणतील, भाऊ, पोरगं वावरातून बाहेर काढायसाठी तर शिकवून राहिलो, तुम्ही परत वावरातच नेता काहून? प्रश्न खरा आहे. भावाचे हाल पाहून कोणत्याही बापाले तसंच वाटते. पण पाहणं, मोजणं अन् लिहून ठेवणं ही सवय डॉक्टरले लागते, इंजिनीअरले लागते, दुकानदारालेही लागते. अन् जो शेतीतच राहील त्याले तर ती बियाण्याइतकी लागते. पोरींनाही सोबत न्या. निंदण अन् वेचणी बायाच करतात, कीड आधी त्यांच्याच नजरेस पडते, पण सापळ्याची वही त्यांच्या हातात कोणी देत नाही.

कृषी सहायक अन् विद्यापीठाच्या मंडळींना एक विनंती. शेतीशाळा आमच्यासाठी घेता, त्यातली एक लेकरांसाठी घ्या. अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिवार फेरीत बापासोबत लेकरूही दिसू द्या. भाषण नको, भिंग द्या.

नियम दोनच. विजा कडाडत असल्या की घरी, अन् मोठं माणूस सोबत नसेल तर विहिरीकडं, गवतात जायचं नाही.

तीन वर्षं वही चालली तर तुमच्या गावचा पाऊस, कीड अन् फूल कधी येते याची नोंद तुमच्याच घरात राहील. ती कोणत्या ॲपवर मिळत नाही. तुमच्या नक्षत्रात काय पाहण्यासारखं आहे ते खाली लिहा, पुढच्या आठवड्यात आपण सगळं मिळून एक यादी करू.