टी.व्ही. आपल्या सवडीने



एका खोलीच्या घरात रात्रीची मालिका आणि मुलांचा अभ्यास यांची वेळ एकच असते. माघार घ्यावी लागते ती अभ्यासालाच. यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंग करणारा सेट-टॉप बॉक्स. मालिका रेकॉर्ड करून ठेवावी व वह्या मिटल्यावर पाहावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांनाही त्या दिवसाचे कार्यक्रम घरी परतल्यावर पाहता येतात.

घेण्यापूर्वी केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला चार प्रश्न विचारावेत.

१) साठवण किती? साध्या चित्राला तासाला साधारण १ ते २ जीबी, तर एचडी चित्राला ३ ते ५ जीबी जागा लागते. ५०० जीबीत एचडीचे शंभरेक तास मावतात.

२) ट्यूनर किती? एकच असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना सहसा दुसरी वाहिनी पाहता येत नाही.

३) डिस्क आतच आहे की बाहेरून लावायची? बाहेरची असल्यास यूएसबीवर रेकॉर्डिंग होते ना, हे दुकानातच करून पाहावे.

४) बॉक्स बदलला तर? रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बिघडला की सारे गेले.

वीज गेली तरी रेकॉर्डिंग तुटते. म्हणून बाबासाहेबांचे विचार नातवंडांसाठी जपायचे तर यंत्रावर विसंबू नये, घरात ग्रंथ असावेत. आणि यंत्र आले म्हणून टी.व्ही.चे तास वाढवू नयेत.